तारखेचे गावकूस

नागरिकत्वाचा कायदा हा विषय दलित चळवळीतल्या माणसांनी बराच काळ परक्यांचा मानला. डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती कायदा संमत झाला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, चौकाचौकांत संविधानाची प्रास्ताविका वाचली. ते योग्यच झाले. पण नागरिकत्व मागणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात कोणता अर्ज भरावा लागतो, त्याला कोणकोणते कागद जोडावे लागतात आणि ती फाईल कोणत्या टेबलावर किती वर्षे पडून राहते, याकडे आपण फारसे पाहिले नाही. आपला विरोध कायद्याच्या कलमांशी थांबला. माणूस मात्र अडतो तो नियमांच्या परिशिष्टात.

मी पिंपरीत शिक्षक आहे. आमच्या शाळेत मिलिंदनगर-भाटनगरची मुले येतात, कॅम्पातल्या सिंधी कुटुंबांची येतात, आणि अलीकडे चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या बिहारी, ओडिया मजुरांचीही येतात. जून महिन्यात या सगळ्यांचे पालक एकाच खिडकीशी उभे असतात आणि जनरल रजिस्टरचा उतारा मागतात. कोणाला तो जातीच्या दाखल्यासाठी हवा असतो, कोणाला अधिवासासाठी, तर एखाद्याला नागरिकत्वाच्या अर्जासाठी. काम वेगळे, पण अडचण एकच. सरकारने एक तारीख ठरवून दिलेली असते आणि त्या तारखेच्या अलीकडचा-पलीकडचा कागद माणसाजवळ नसतो. माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून इथे आले. त्यांच्या वडिलांच्या जातीचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा एका कार्यालयाने मागितला. निजामाच्या राज्यात गावकुसाबाहेर राहिलेल्या, शाळेची पायरीही न पाहिलेल्या माणसाचा पुरावा! कोतवाल बुकात एक नोंद सापडली, ती उर्दूत. ती वाचणारा शोधण्यात एक पावसाळा गेला.

म्हणून मी या तारखांचा इतिहास शोधू लागलो. त्यातली सर्वांत जुनी तारीख आहे १९ जुलै १९४८.

पिंपरी कॅम्प ही फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये आला, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये, नगरपालिका १९७० मध्ये. या सगळ्यांच्या आधी इथे निर्वासित आले होते. ज्यांना आज आपण परदेशातून आलेले म्हणतो त्यांचा सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. पुण्याचा माणूस कराचीला नोकरीला जाई तेव्हा तो देश सोडत नसे, इलाख्यातल्या इलाख्यात फिरत असे. कराचीतली सर्वांत जुनी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाने आजही ओळखली जाते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि हिंदू-शीख कुटुंबे मिळेल त्या बोटीने मुंबईकडे निघाली. तिथून काही कल्याणच्या छावणीत गेली, ज्याचे पुढे उल्हासनगर झाले; काही पिंपरीत आली.

पण कराचीतून निघू इच्छिणाऱ्या सगळ्यांनाच बोट मिळाली असे नाही. कराचीचे रस्ते झाडणारे, संडास साफ करणारे अस्पृश्य यांच्या कामाला पाकिस्तान सरकारने अत्यावश्यक सेवा ठरविले. व्यापारी, वकील, प्राध्यापक जाऊ शकत होते. भंग्याने जायचे नव्हते, कारण तो गेला तर शहर कुजले असते. ज्याला शिवणे पाप होते त्याच्यावाचून एक दिवस चालत नव्हते, हे सत्य एका नव्या राष्ट्राने कायद्याच्या भाषेत कबूल केले, आणि कबूल करून त्यालाच अडकवून ठेवले! १८ डिसेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले त्यात हीच तक्रार होती. दुसरी तक्रार भारताबद्दल होती. जे अस्पृश्य कसेबसे सीमा ओलांडून पूर्व पंजाबात आले त्यांना निर्वासित छावण्यांतील अधिकारी भेदभावाने वागवीत. म्हणून ते छावणीबाहेर राहत, आणि मदत छावणीतल्यांनाच मिळत असल्यामुळे उपाशी मरत. म्हणजे निर्वासितपणातही गावकूस होतेच.

आता १९ जुलै १९४८ या तारखेकडे पाहा. त्या दिवशी पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर परवाना पद्धत लागू झाली. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने तीच तारीख सीमारेषा म्हणून घेतली. जो त्याआधी आला आणि इथेच राहिला, तो आपोआप नागरिक. ना अर्ज, ना प्रतिज्ञापत्र. कॅम्पातली बहुसंख्य जुनी कुटुंबे अशी नागरिक झाली. जो त्यानंतर आला त्याला नोंदणी अधिकाऱ्यापुढे अर्ज करायचा होता, अर्जापूर्वी सहा महिने भारतात राहिलेले असायला हवे होते, आणि हे सगळे संविधान अमलात येण्यापूर्वी, म्हणजे २६ जानेवारी १९५० च्या आत. हिशेब केला तर जुलै १९४९ नंतर आलेल्याला ही वाटही बंद होती. तारीख सर्वांना सारखी होती. वाट सारखी नव्हती. व्यापाऱ्याला जानेवारीत निघता आले. झाडूवाल्याला निघू दिले नव्हते. त्याचा उशीर त्याने केलेला नव्हता, तरी तो त्याच्याच खात्यावर पडला. कायद्यातली तारीख एवढेच विचारते की तू कधी आलास. तुला कोणी अडविले होते, हा प्रश्न तिला नसतो.

ही तारीख ज्या मसुद्यात होती तो संविधान सभेत बाबासाहेबांनीच मांडला, १० ऑगस्ट १९४९ रोजी. हे टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते. त्या दिवशी त्यांनी सांगितले की आणखी एक अनुच्छेद सोडला तर या अनुच्छेदाइतकी डोकेदुखी मसुदा समितीला दुसऱ्या कोणत्याही अनुच्छेदाने दिली नाही. कितीतरी मसुदे करून टाकून द्यावे लागले. त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. ही तरतूद संविधान सुरू होण्याच्या दिवशी नागरिक कोण, एवढ्यापुरती आहे. नागरिकत्वाचा कायमचा कायदा संसदेने नंतर करावा. म्हणजे ज्याने ही तारीख लिहिली त्याला ती कायमची भिंत व्हावी असे वाटत नव्हते.

त्या चर्चेत विदर्भाचे पंजाबराव देशमुख बोलले. अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या लढ्यात अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिलेले हेच पंजाबराव. त्यांना बाबासाहेबांचा मसुदा फार सैल वाटला. यामुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असे त्यांचे म्हणणे. त्यांची दुरुस्ती अशी होती की जो हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कोणत्या देशाचा नागरिक नाही, त्याला भारताचे नागरिकत्व मिळावे. सभेने १२ ऑगस्टला ती स्वीकारली नाही. धर्माने नागरिकत्व ठरविण्याचा प्रस्ताव नवा नाही हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे, आणि तो मांडणारा प्रत्येक जण बहुजनांचा शत्रू होता असेही समजू नये. इतिहास तितका सोयीचा नसतो. (दुसरी एक गंमत. या चर्चेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, १० ऑगस्ट १९५० ला, अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. जातीच्या दाखल्याची आपली तारीख ती हीच.)

संसदेने कायमचा कायदा केला तो ३० डिसेंबर १९५५ रोजी. त्याच्या वर्षभर आधी, २५ डिसेंबर १९५४ ला, बाबासाहेब आमच्या शेजारी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना करून गेले होते. मंत्रिपद तर त्यांनी १९५१ मध्येच सोडले होते. मूळ कायदा आज वाचला तर आश्चर्य वाटते. भारतीय वंशाच्या माणसाने सहा महिने इथे राहावे, अर्ज करावा, शपथ घ्यावी, नोंदणी व्हावी. बस. १९८६ मध्ये या सहा महिन्यांची पाच वर्षे झाली. २००३ च्या दुरुस्तीने, जी डिसेंबर २००४ पासून लागू झाली, ती सात वर्षे झाली. देशीयकरणाने नागरिक होणाऱ्याला चौदापैकी अकरा वर्षे आणि शिवाय अर्जापूर्वीचे सलग एक वर्ष, म्हणजे एकूण बारा वर्षे काढावी लागू लागली. आसामचे आंदोलन, श्रीलंकेतून आलेले तमिळ निर्वासित, सीमेवरची भीती, अशी कारणे प्रत्येक वेळी होती. पण दर वेळी किंमत मोजली ती अर्ज करणाऱ्याने.

२००३ च्या दुरुस्तीने आणखी एक दार बंद केले. ज्याच्याजवळ वैध पासपोर्ट किंवा व्हिसा नाही, किंवा ज्याची मुदत संपली, तो बेकायदा स्थलांतरित ठरला आणि नोंदणीच्या व देशीयकरणाच्या दोन्ही वाटा त्याला बंद झाल्या. त्याच्या भारतात जन्मलेल्या लेकरालाही जन्माने नागरिकत्व नाही, मग दुसरा पालक भारतीय का असेना. बापाच्या कपाळीचा शिक्का लेकाच्या कपाळी! हा नियम आपल्याला कुठे तरी वाचल्यासारखा वाटत नाही काय?

पाकिस्तानातून उशिरा आलेले माझ्या परिसरातले लोक या नियमांखाली वर्षानुवर्षे राहिले. दीर्घ मुदतीचा व्हिसा पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायचा. गाव बदलायचे तर परवानगी. पासपोर्टची मुदत संपली की ज्या देशातून पळून आलो त्याच देशाच्या दिल्लीतील कचेरीच्या दारात नव्या पासपोर्टसाठी उभे राहायचे, कारण मुदत संपलेला पासपोर्ट नागरिकत्वाच्या अर्जाला चालत नसे. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे, तिथून राज्याकडे, तिथून केंद्रीय गृहखात्याकडे, मधे गुप्तचरांचा अहवाल. देशीयकरणासाठी शिवाय दोन भारतीयांची चारित्र्याची प्रतिज्ञापत्रे आणि आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा येत असल्याचे प्रमाणपत्र. सिंधी भाषा १९६७ पासून त्या अनुसूचीत आहे. जन्मभर सिंधी बोललेल्या म्हातारीने सिंधी येत असल्याचा दाखला आणायचा!

आता सुधारणेकडे येतो. ती झाली, आणि ती खरी आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातील अल्पसंख्याकांना बँकेत खाते, राहण्यापुरते घर, वाहन परवाना या सवलती दिल्या. तीन ते पंधरा हजार रुपयांपर्यंतचे नोंदणी शुल्क शंभर रुपयांवर आणले. २३ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने सात राज्यांतील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्रातले त्यांतले जिल्हे मुंबई, ठाणे, नागपूर आणि पुणे. दिल्लीची फेरी टळली. पुण्याच्या कलेक्टर कचेरीत शपथ घेऊन पिंपरीतली माणसे प्रमाणपत्र हातात घेऊन घरी आली. ११ मार्च २०२४ रोजी दुरुस्ती कायद्याचे नियम निघाले. त्यांनी मुदत संपलेला पासपोर्ट चालेल म्हटले, आईबाप-आजोबांचा कागद चालेल म्हटले, भाषेबद्दल अर्जदाराचे स्वतःचे निवेदन पुरेसे मानले. भारतात कधी आलो हे दाखवायला वीस प्रकारच्या कागदांपैकी कोणताही एक. त्यात शाळेचा दाखलाही आला. बारा वर्षांची सहा झाली. जिल्हा समितीवर टपाल खात्याचा अधिकारी, वर राज्याच्या जनगणना संचालकांची समिती.

म्हणजे हे करता येते. वर्षे कमी करता येतात, शुल्क उतरते, दिल्लीचा अधिकार पुण्याला देता येतो, एका कागदाऐवजी वीसांतला कोणताही एक घेता येतो. माझ्या मते २०१६ आणि २०२४ च्या या तरतुदींचे सर्वांत मोठे महत्त्व हेच आहे. त्यांनी सरकारचाच जुना युक्तिवाद खोडला. प्रक्रिया किचकट असण्याचे कारण सुरक्षा नव्हती. प्रक्रिया किचकट होती कारण ती सोपी करण्याची कोणाला निकड नव्हती.

पण ही सोपी वाट सहा धर्मांपुरती, तीन देशांपुरती, आणि पुन्हा एका तारखेपुरती आहे: ३१ डिसेंबर २०१४. श्रीलंकेतून आलेला तमिळ, म्यानमारमधून आलेला रोहिंग्या, पाकिस्तानातला अहमदिया या वाटेवर नाहीत. बौद्ध हा शब्द कायद्यात आहे म्हणून आपण समाधान मानावे, असे मला सांगणारे मित्र भेटतात. त्यांना मी म्हणतो, अर्जासोबत स्थानिक प्रतिष्ठित समाजसंस्थेचे धर्माबद्दलचे प्रमाणपत्र लागते. सिंधमधल्या हिंदूंत मेघवार, कोल्ही, भिल्ल यांचीच संख्या मोठी आहे. मेघवाराच्या धर्माची साक्ष कोणत्या देवळाचा विश्वस्त देणार? ज्या देवळात त्याच्या बापाला जाता आले नाही, त्याच देवळाच्या शिक्क्यावर त्याने भारतीय व्हायचे?

आणि नागरिकत्व मिळाले म्हणजे माणूस पोहोचला असेही नाही. पूर्व बंगालातून आलेल्या नामशूद्र निर्वासितांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसविले. आज ती गावे गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात आहेत. जोगेंद्रनाथ मंडलांच्या समाजातली ही माणसे. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. पश्चिम बंगालच्या यादीत नामशूद्र अनुसूचित जात आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. सरकारनेच ज्यांना जंगलात आणून वसविले, त्यांची जात सरकारी रेल्वेतून उतरताना डब्यात राहिली! अस्पृश्यता मात्र त्यांच्याबरोबर आली की नाही, हे विचारायला कोणी गेले नाही. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात सांगितले की एका राज्यातली अनुसूचित जात-जमात दुसऱ्या राज्यात गेल्यावर तिथल्या सवलतींना पात्र नाही. चाकणच्या शेडमध्ये वेल्डिंग करणाऱ्या बिहारी चर्मकाराच्या मुलाला हाच निकाल लागू होतो. तो भारताचा नागरिक आहे, त्याच्याजवळ मतदार ओळखपत्रही आहे. पण तो अर्धाच इथे आला आहे.

आमच्याच वस्तीतला एक जुना कार्यकर्ता मला नेहमी म्हणतो, “सर, आपल्या पोरांना जातपडताळणी समितीकडून महिनोन् महिने कागद मिळत नाही, तुम्ही पाकिस्तानवाल्यांचं काय घेऊन बसलात?” राग खरा आहे. कॅम्पातले दुकान दुसऱ्याचे आणि दुकानापुढचा झाडू आपल्या हातात, हे पाहत आम्ही मोठे झालो. पण २००१ पासून पडताळणीचा जो कायदा आपल्याला लागू आहे त्याची रीत आणि नागरिकत्वाच्या अर्जाची रीत एकाच साच्यातून निघाली आहे. दोन्हींत सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. दोन्हींत विलंबाची शिक्षा कार्यालयाला नाही. परकीयांच्या १९४६ च्या कायद्यात, मी परका नाही हे त्या माणसानेच सिद्ध करायचे होते. २०२५ मध्ये तो कायदा जाऊन नवा आला, हा भार तसाच राहिला. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय आहेत असे दिसल्यावर परत आणावे लागले. त्यांचा गुन्हा भाषा आणि गरिबी. आधार कार्ड दाखवून उपयोग नाही, कारण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे असे त्याच्या कायद्यातच लिहिले आहे. आज चाकणच्या नाक्यावर पहाटे कामासाठी उभ्या राहणाऱ्या मजुराच्या खिशात जे काही असते ते आधारच.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदू पाकिस्तान्यांचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळले आहेत, असा खुलासा होईपर्यंतचा काळ माझ्या शेजारच्या गल्लीतल्या काही घरांनी कसा काढला ते मी पाहिले आहे. भांडी विकणारी, पापड लाटणारी माणसे. अर्ज भरलेला, पोचपावती जपून ठेवलेली, आणि तरीही पिशवी बांधून तयार.

म्हणून मागणी नेमकी करावी लागेल. नागरिकत्वाचा अर्ज अमुक दिवसांत निकाली निघाला नाही तर कारण लेखी द्यावे, आणि निर्णय होईपर्यंत अर्जदाराचा व्हिसा आपोआप चालू समजावा. वीस कागदांची यादी सर्व अर्जदारांना लागू करावी. तिच्यात कंत्राटदाराचे हजेरीपत्रक आणि दवाखान्यातला केसपेपर घालावा, कारण गरिबाच्या आयुष्यात सरकारी छाप असलेला कागद बहुधा तिथेच तयार होतो. धर्माच्या प्रमाणपत्राची अट काढावी. सीमा ओलांडून आलेल्या दलिताची जात ज्या राज्यात तो वसला तिथे ओळखली जावी. यासाठी मात्र संसदेला यादीत बदल करावा लागेल आणि तो लढा लांबचा आहे. बेकायदा स्थलांतरिताची २००३ ची व्याख्याही संसदेशिवाय हलणार नाही.

बाकीच्या बऱ्याच गोष्टींना संसद लागत नाही. नियम करण्याचा अधिकार कायद्याच्या अठराव्या कलमाने केंद्र सरकारला आहे आणि अधिकार खाली सोपविण्याचा सोळाव्या कलमाने. २०१६ ची अधिसूचना दोनच वर्षांची होती. २०१८ मध्ये तिची मुदत पुढील आदेशापर्यंत वाढविली गेली, तीही मंत्रालयातल्या एका सहीने. जो कायदेशीर व्हिसावर इथे राहतो, त्याच्या बाबतीत त्या अधिसूचनेतल्या सहा धर्मांच्या नावांच्या जागी “कोणतीही व्यक्ती” एवढे दोन शब्द घालायला तेवढीच एक सही लागेल.